रोजगार हमी घाट उतरते तेव्हा

१९७५ पासून महाराष्ट्रात पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. तो बसवला होता रोजगार हमी योजनेसाठी. या आणि अशा इतर करांतून जेवढी रक्कम गोळा होईल, तेवढीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं होतं. व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईतून येई आणि मुंबईत पगार घेणाऱ्यांत कोकणातले चाकरमानी काही थोडेथोडके नव्हते. लालबाग-परळच्या खोलीत राहणारा रत्नागिरीचा माणूस बीडकडच्या पाझर तलावाला हातभार लावत होता. यात गैर काहीच नाही, योजनेमागची कल्पनाच ती होती. पण त्याच्या पाठीमागे वाडीत राहिलेल्या बायकोला, भावजयीला, धाकट्या भावाला उन्हाळ्यात काम हवं असलं, तरी ही योजना त्यांच्यापर्यंत पोचताना अडखळत होती. कायदा सगळ्या राज्याला एकच होता. घाट उतरताना त्याचं काय झालं, त्याचं हे प्रकरण.

पठारावर घडलेला कायदा

योजनेचे जनक वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये त्यांनी पहिला प्रयोग केला. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि प्रयोगाला राज्याचं परिमाण मिळालं. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणारी गावंच्या गावं, सुकडी (मदत म्हणून मिळणारं कोरडं खाणं) आणि मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) यांच्या आठवणी मराठवाड्यात नि पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व पट्ट्यात आजही जिवंत आहेत. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, न दिल्यास बेकार भत्ता. भत्ता किमान एक रुपया रोज. रक्कम हास्यास्पद वाटेल, पण काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला तो इथे. देशाने त्या वाटेने जायला २००५ साल उजाडलं.

कायद्याचे नियम मात्र पठारावरच्या अनुभवातून आले होते. नवं काम सुरू करायचं तर किमान ५० मजूर हवेत. काम शक्यतो सार्वजनिक आणि टिकाऊ हवं: पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ता. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचं. मस्टर, म्हणजे हजेरीपट, लागलं की मुकादम हजेरी घेणार आणि झालेल्या खोदाईच्या मापावर मजुरी मिळणार.

ज्या मुलखात गावठाण एका जागी आहे, अर्धंअधिक गाव पावसावरच्या शेतीत आहे आणि पेरणी फसली की सगळेच एकदम रिकामे होतात, तिथे हे नियम अंगावर शिवल्यासारखे बसतात. ५० माणसं पारावरच भेटतात. पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरींना दिसतं, म्हणून काम मागायला बागायतदारही मजुरांच्या बाजूने उभा राहतो. नियम असे बसले की ते नियम आहेत हेच कोणाच्या लक्षात राहत नाही.

घाटाखाली

कोकणात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत येतो. एप्रिल-मेमध्ये त्याच गावात हंडे घेऊन मैलभर चालावं लागतं. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे खडकाळ माळ, आणि उताराची जमीन. पडलेलं पाणी समुद्राकडे पळतं आणि जे मुरतं तेही जांभ्याच्या भेगांतून निसटतं. देशावरचा पाझर तलाव इथे आणून ठेवला तर तो पावसाळ्यात तुडुंब आणि मार्चात कोरडा, असं होण्याचीच शक्यता जास्त.

वस्तीही वेगळी. ग्रामपंचायतीचं गाव एक, पण त्यात दहा-बारा वाड्या, मध्ये पऱ्हे (ओढे), टेकड्या आणि काही ठिकाणी खाडी. एका वाडीत पंधरा-वीस घरं, त्यातले हाती-पायी धड पुरुष मुंबईला. अशा ठिकाणी एका कामावर ५० मजूर गोळा करायचे म्हणजे चार वाड्यांच्या बायकांनी रोज डोंगर चढून-उतरून एकत्र यायचं. घरी गुरं आहेत, पाणी भरायचं आहे, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळं (झाडांच्या डहाळ्या) आणि पातेरा (वाळका पाला) गोळा करायचा आहे. डोंगराळ भागासाठी मजूरसंख्येची अट पुढे सैल झाली, पण तोवर कागदावर एक निष्कर्ष पक्का होत गेला होता: कोकणात मागणी नाही.

हे वाक्य सरकारी टिपणांत जितकं निरुपद्रवी दिसतं तितकं ते नाही. त्यातून लगेच पुढचं वाक्य निघतं, कोकणी माणूस मनीऑर्डरीवर जगतो, त्याला मातीत हात घालायला नको. स्वभावाचं कारण सगळ्यात स्वस्त पडतं, कारण त्यावर खर्च काहीच करावा लागत नाही. प्रत्यक्षात कोकणातली भातशेती म्हणजे पाठ मोडणारं काम आहे आणि ती बव्हंशी बायकांच्या जिवावर चालत आलेली आहे. मागणी नव्हती असं म्हणण्यापेक्षा, नमुना ४ मध्ये बसेल अशा आकाराची मागणी नव्हती, असं म्हणणं खरं ठरेल.

१९८२ मध्ये चित्र आणखी बदललं. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले कितीतरी जण गावी परतले ते परत गेलेच नाहीत. मनीऑर्डर आटली आणि वाडीत अनेक वर्षांनी तरणे हात दिसू लागले. त्यांच्यासमोर भाताचा तुकडा होता आणि मागे डोंगरावर वरकस जमीन. वरकस म्हणजे जिथे पूर्वी नाचणी-वरी पिकायची, पण माणसं मुंबईला गेल्यावर जी पडीक राहिली ती. प्रश्न असा होता, की ५० माणसांचं सार्वजनिक काम उभं राहत नसेल, तर दोन माणसांचं, स्वतःच्या जमिनीवरचं काम रोजगार हमीत का बसू नये?

खड्डा, कलम, हप्ता

१९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीत खड्डे काढायचे, कलमं लावायची, जगवायची. त्या कामाची मजुरी, कलमं आणि खत यांचा खर्च सरकार देणार. योजना सगळ्या राज्यासाठी होती, पण कोकणाला ती आपलीच वाटली, आणि त्याची कारणं भावनिक नव्हती.

पहिलं कारण म्हणजे कामाचं वेळापत्रक. आंब्याला एक मीटर लांब, रुंद आणि खोल असा खड्डा लागतो. दहा-दहा मीटरवर लावले तर हेक्टरी १०० खड्डे. काजूला सात मीटरचं अंतर, म्हणजे हेक्टरी २०० च्या आसपास. जांभ्यात असे खड्डे मारणं म्हणजे पहारीचं काम, आणि ते उरकायचं एप्रिल-मेमध्ये, पहिल्या पावसाच्या आत. मे महिना म्हणजे कोकणात चाकरमानी घरी असण्याचा महिना. कलम लावायचं जून-जुलैत, तेव्हा पाणी फुकट. रोजगार हमीची ठरलेली कामं पावसाळ्यात थंडावतात, आणि इथलं काम मात्र पावसावरच बेतलेलं होतं.

दुसरं, कलमं तयार होती. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याहून जुनं. कोय कलमाची पद्धत शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली होती. काजूची पूर्वी बी पेरली जाई आणि झाड कसं निघेल ते नशिबावर. मृदुकाष्ठ कलमामुळे वेंगुर्ला-४ सारख्या निवडक जाती हजारोंनी करता येऊ लागल्या. अनुदान आलं पण रोप नाही, ही कितीतरी योजनांची ठरलेली शोकांतिका इथे टळली. खासगी रोपवाटिका गावोगाव उभ्या राहिल्या, आणि मला वाटतं, कोकणातल्या या प्रकरणात विद्यापीठाचं श्रेय मंत्रालयापेक्षा कमी नाही.

तिसरं, अनुदान हप्त्यांनी मिळायचं आणि पुढचा हप्ता झाडं किती जगली त्यावर ठरायचा. यामुळे योजनेचं रूपच पालटलं. मातीकामाच्या मस्टरवर मजुराचा संबंध दिवसापुरता असतो, संध्याकाळी घमेलं खाली ठेवलं की संपला. इथे तीन उन्हाळे झाड सांभाळायचं होतं. वणवा येऊ नये म्हणून गवत साफ करायचं, भातकापणीनंतर मोकाट सुटलेली गुरं आत शिरू नयेत म्हणून गडगा (दगडांचं कुंपण) घालायचा, मडक्याला भोक पाडून वात लावून मुळाशी पाणी झिरपत ठेवायचं. डोंगरावर डोक्यावरून पाणी कोणी नेलं? बहुतेक घरांत बायकांनी. सातबारावर मात्र त्यांचं नाव क्वचित, आणि हप्ता ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर आज जी आंबा-काजूची हिरवाई दिसते, तिच्यात या योजनेचा मोठा हात आहे. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या काजू प्रक्रिया कारखान्यांत बायकांना मिळालेला रोजगार हे तिचंच पुढचं फळ, जरी ते कुठल्या मस्टरवर नोंदलेलं नसलं तरी.

ज्याला जमीन नाही त्याचं काय

इथे प्रकरण गुंतागुंतीचं होतं आणि कोकणाबद्दल लिहिताना हा भाग गाळण्याची सवय आपल्याला आहे.

मूळ रोजगार हमीचा कणा असा होता, की येणाऱ्याला जमीन आहे की नाही हे कोणी विचारत नाही. ऊन सोसून माती उचलायला जो तयार, त्याला गरज आहे असं मानायचं. फळबाग योजनेचा दरवाजा सातबाऱ्यातून उघडतो. रायगड-ठाण्याकडच्या कातकरी आदिवासीकडे बहुधा घराखालची जागाही स्वतःच्या नावावर नाही. दळी जमिनी (डोंगरउतारावरच्या वनजमिनी) पिढ्यान् पिढ्या कसत आलेल्यांचेही हक्क कागदावर लटकलेले. दिवाळीनंतर कातकरी बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो, तेव्हा आगाऊ घेतलेल्या उचलीपोटी जातो. त्याच्यासाठी कलमाचं अनुदान निरर्थक होतं. रोजगार हमी कोकणाच्या मध्यम शेतकऱ्यासाठी वाकली, त्याच कोकणातल्या तळच्या माणसासाठी नाही.

ज्याच्याकडे जमीन होती त्याचंही सरळ नव्हतं. १९४९ च्या कायद्याने खोती (सारा वसूल करणाऱ्या खोतांचा गावावरचा हक्क) गेली, कुळकायद्याने भातखाचरं कुळांच्या नावावर झाली, पण वरकसाचे वाद कित्येक गावांत मागे राहिले. जिथे वाद नव्हता तिथे सामायिक सातबारा होता. आजोबांच्या नावानंतर वीस-पंचवीस वारस, त्यातले चार गावात, बाकी विरार-कल्याणपासून बडोद्यापर्यंत पसरलेले. अनुदानासाठी सहहिस्सेदारांचं संमतीपत्र हवं. एका चुलत्याची सही मिळाली नाही म्हणून डोंगर पडीक राहिला, हे वाडीवाडीतलं घरगुती दुःख आहे. उलट ज्यांच्याकडे एकहाती मोठं क्षेत्र होतं, किंवा ज्यांनी पुढे विकत घेतलं, त्यांच्या बागा सरसर उभ्या राहिल्या. आता त्या मोठ्या बागांत राखणीला आणि औषध फवारायला हजारोंनी नेपाळी कामगार आहेत. गावातल्या माणसाला गावातच काम मिळावं म्हणून निघालेल्या योजनेच्या झाडाखाली हे दृश्य दिसतं, ते हसण्यासारखं नाही, पण विसरण्यासारखंही नाही.

तीच योजना परत घाटावर

कोकणात जमलं म्हणून इतरत्र जमेलच असं नाही, हे जालन्याने दाखवलं. तिथे मोसंबी लावली गेली, वाढलीही. मोसंबीला उन्हाळ्यात पाणी लागतं, ते विहिरी नि कूपनलिकांतून आलं. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या आटल्या आणि उभ्या बागा वाळून गेल्या. वर्षाचं पीक बुडालं तर पुढल्या वर्षी पेरता येतं. पंधरा वर्षांची बाग वाळली की माणूस पंधरा वर्षं मागे जातो. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याने मात्र डाळिंब निवडलं, शेततळी केली, हलक्या जमिनीचा उपयोग करून घेतला. पाऊस दोन्हीकडे तुटपुंजाच, फरक पडला तो कोणतं झाड निवडलं आणि त्याच्यासाठी पाणी कुठून आणलं, याने.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तिसरीच अडचण. दिवाळी झाली की माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. झाडाला पाणी घालायचे जे महिने, त्याच महिन्यांत घराला कुलूप. तिथे आधी गावात सलग मजुरी मिळायला हवी, ती मुकादमाच्या उचलीपेक्षा आधी हातात पडायला हवी, मग कलम. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी सत्तरच्या दशकापासून रोजगार हमीची कामं मागून, भांडून घेतली. जिथे संघटना तिथे मागणी नोंदली गेली, हाही प्रदेशाप्रदेशांतला एक फरकच, फक्त तो पावसाच्या नकाशात दिसत नाही.

सरासरीत हरवलेली पट्टी

वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे कोणता प्रदेश विकासात किती मागे आहे ते, मोजला. त्यातून सुरू झालेल्या चर्चेअखेर १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. कोकण गेलं ‘उर्वरित’मध्ये, पुणे-कोल्हापूरच्या सोबत. साखर कारखान्यांचा पट्टा आणि सह्याद्रीखालची डोंगरपट्टी यांची सरासरी काढली की दोघंही मध्यम दिसतात. राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला तेव्हा फेब्रुवारी २००६ च्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले १२ जिल्हे होते. त्यात कोकणातला एकही नव्हता. गरज पाहता ती निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. गडचिरोली, नंदुरबार, यवतमाळ आधी यायलाच हवे होते. पण जिल्हा हे माप घेतलं की मोखाड्याचा पाडा ठाण्याच्या इमारतींबरोबर मोजला जातो. मोखाड्यासह पालघर वेगळा जिल्हा व्हायला २०१४ साल लागलं.

मनरेगाच्या, म्हणजे या राष्ट्रीय कायद्याच्या, काळात फळबागेला नवी चौकट मिळाली: जॉबकार्ड हवं, स्वतः काम करायला हवं, अल्पभूधारक असल्यास दोन हेक्टरपर्यंत. मुंबईत राहणाऱ्या, पण गावात जमीन असलेल्या चाकरमान्याला जॉबकार्ड मिळणार कसं? जे त्यात बसत नव्हते त्यांच्यासाठी राज्याने २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आणली. तिच्या नियमांत एक ओळ आहे जी पागेंच्या काळात असती तर बरीच वर्षं वाचली असती: क्षेत्राची कमाल मर्यादा कोकणात १० हेक्टर, इतर महाराष्ट्रात ६ हेक्टर. किमान मर्यादाही कोकणासाठी निम्मी, ०.१० हेक्टर. प्रदेशाचा फरक इथे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता नियमातच लिहिला गेला. हप्ते ५०, ३० आणि २० टक्क्यांचे, आणि दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत हवीत. हा भाग सगळीकडे सारखाच. त्यावरही सांगता येईल, की लातूरच्या आणि लांज्याच्या उन्हाळ्यात ९० टक्के झाडं जगवणं हे सारखं काम नाही.

सभा कुठे भरते

लोकसहभागाबद्दलही कोकणावर तोच शेरा असतो, की ग्रामसभेला लोक येत नाहीत. कोरम म्हणजे मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी ती. मतदारयादीत नाव आहे पण माणूस डोंबिवलीत, अशा गावात ती गाठणं अवघडच. तहकूब ग्रामसभा हा इथला नेहमीचा प्रकार.

पण याच गावात शिमग्याला पालखी नाचवायला, देवळाचा जीर्णोद्धार करायला, नळपाणी योजनेची लोकवर्गणी काढायला माणूस आणि पैसा दोन्ही उभे राहतात. गावकी बसते, मानकरी बसतात, आणि मुंबईत ग्रामस्थ मंडळ बसतं. वाडीतला रस्ता कोणाच्या जमिनीतून जाईल, विहीर कोणत्या परसात पडेल, हे परळच्या एखाद्या गाळ्यात रविवारी दुपारी ठरतं आणि गावात निरोप येतो. सहभाग नाही असं कसं म्हणणार? आहे, पण तो ज्या ठिकाणी आहे तिथे ग्रामसेवक जात नाही, आणि ग्रामसेवक जिथे सभा लावतो तिथे निर्णय घेणारे नसतात.

गावकीचे गोडवे गाणं मला जमणार नाही. तिथे बाईचा शब्द चालत नाही, मानपानाच्या उतरंडीत बौद्धवाडी नि कातकरवाडी शेवटी किंवा बाहेरच. ग्रामसभेत निदान कायद्याने तरी सगळ्यांना सारखं बसता येतं, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. म्हणून गावकीलाच ग्रामसभा माना, हा उपाय नव्हे. साधी गोष्ट तारखांची आहे. पुढल्या वर्षीच्या रोजगार हमीच्या कामांचा आराखडा साधारण १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांतून मंजूर होत आला आहे. १५ ऑगस्टला लावणी नुकती उरकलेली असते आणि पाऊस धो धो पडत असतो, वरच्या वाडीतून पऱ्ह्या ओलांडून शाळेपर्यंत येणं सोपं नसतं. मग गणपती येतात. एसटीच्या जादा गाड्या भरभरून येतात, पाच-सात दिवस घरात उभं राहायला जागा नसते, सगळे सहहिस्सेदार एकाच पडवीत जेवायला बसतात. संमतीपत्रावर सही घ्यायची तर याच दिवसांत. गौरी-गणपती बुडवून गाड्या परत जातात, आणि २ ऑक्टोबरला सभेची दवंडी पिटली जाते तेव्हा वाडीत म्हातारी माणसं, बायका आणि कापणीला आलेलं भात एवढंच उरलेलं असतं.